घरचे दुखणे आणि नोकरीची अखेरची वर्षे

नोकरीची पंचवीस-तीस वर्षे निभावून नेलेला माणूस, निवृत्तीला चार-पाच वर्षे उरली असताना राजीनामा देतो, तेव्हा त्या कागदावर बहुधा दोनच शब्द असतात : 'घरगुती कारणास्तव'. हे दोन शब्द सर्वांच्याच सोयीचे आहेत. मालकाला उत्तर द्यावे लागत नाही, कचेरीला चौकशी करावी लागत नाही, आणि दप्तरी नोंद होते ती 'स्वेच्छेने सेवा सोडली' अशी. ह्या स्वेच्छेत इच्छा किती आणि नाइलाज किती, हे तपासून पाहणे हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरच्या वृद्धाची किंवा दुखणेकऱ्याची शुश्रूषा माणसाची नोकरी एका घावात तोडत नाही. ती हळूहळू झिजवते. ही झीज आपल्या कायद्यांना दिसत नाही, कारण आपले कामगार कायदे कामगाराचे स्वतःचे दुखणे ओळखतात, त्याच्या घरचे दुखणे ओळखत नाहीत.

हा प्रश्न पूर्वी नव्हता काय? होता, पण त्याचे रूप वेगळे होते. १९५१ च्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. त्या जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, परंतु ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची माणसे आज घरोघर दिसतात ही गोष्टही तितकीच खरी आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. माणसे जगू लागली ही आनंदाची गोष्ट आहे. पण पूर्वी आईच्या अंथरुणाशी बसायला चार भाऊ, त्यांच्या चार बायका आणि एखादी माहेरी आलेली बहीण असे. आता भाऊ दोन, त्यांतला एक नालासोपाऱ्याला आणि दुसरा आखातात. म्हणजे आई ऐंशीची, मुलगा पंचावन्नचा, आणि दोघांच्या मध्ये तिसरे कोणी नाही. सुनेच्या हाती असलेली नोकरीही आता घराला लागते. आणि आईबापांचेच कशाला, बायकोला अर्धांगवायू झाला, नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी झाली, तरी गोष्ट तीच.

आता ही झीज कशी होते ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी रजेची. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२५ च्या २१ नोव्हेंबरला लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांतही प्रमाण तेच आहे. फरक इतकाच, की पूर्वी ह्या हक्कासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. वर्षाकाठी तीनशे दिवस राबणाऱ्याला म्हणजे पंधरा दिवस मिळतात. आता ज्या घरात डायलिसिस सुरू झाले आहे त्या घराचा हिशेब करा. आठवड्यातून दोन खेपा, प्रत्येक खेपेला यंत्राशी चार तास, शिवाय जाणे-येणे. दुखणेकऱ्याला एकटे पाठवता येत नाही. आठवड्याला दोन दिवस धरले तर पंधरा दिवसांची रजा दोन महिने पुरत नाही. पुढचे दहा महिने काय करायचे, ह्याला कायद्यात उत्तर नाही.

दुसरी पायरी डोळ्यांना न दिसणारी आहे. माणूस कामावर येतो, पण पूर्वीसारखा नाही. ओव्हरटाइमला थांबत नाही. रात्रपाळी टाळतो. बढती देऊ केली तर नको म्हणतो, कारण बढतीबरोबर दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या गावी जावे लागते. सुपरवायझर म्हणतो, 'म्हाताऱ्याचे आता कामात लक्ष नाही.' लक्ष असते. ते दोन ठिकाणी वाटलेले असते. ह्या पायरीवर पगारपत्रकात मूळ वेतन कमी झालेले दिसत नाही, पण वरकड मिळकत आटते आणि माणसाची पत उतरते.

तिसरी पायरी बिनपगारी खाड्यांची. आणि येथे शिस्तीचा बडगा पुढे येतो. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत, परवानगीवाचून दहा दिवसांहून अधिक गैरहजर राहणे हे गैरवर्तन ठरवले होते. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परतला नाही तर नोकरीवरचा हक्क जाण्याची तरतूद होती. तेच वळण आजही पुष्कळ कारखान्यांच्या नियमांत आहे. दारू पिऊन खाडे करणारा आणि आईच्या उशाशी बसून खाडे करणारा, दोघांच्या नावापुढे हजेरीपटावर एकच खूण पडते. नोटीस येते. मग दुसरी येते. मग कोणीतरी कचेरीत बोलावून समजुतीच्या सुरात सांगतो, 'चौकशी होऊन डाग लागण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या; सगळे पैसे लगेच मिळतील.' आणि दोन शब्दांचा तो कागद लिहिला जातो.

येथे एक गोष्ट प्रत्येकाने गाठीस बांधून ठेवावी. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव ह्या कामगाराच्या प्रकरणी असा निर्णय दिला, की केवळ गैरहजेरीवरून, चौकशी न करता आणि म्हणणे मांडण्याची संधी न देता, कामगाराचे नाव कमी करता येत नाही. म्हणजे नोटीस आली याचा अर्थ नोकरी गेली असा नव्हे. पण राजीनामा दिला म्हणजे मात्र ती खरोखरच गेली.

कोणी विचारील की आमची कामगार विमा योजना मग कशासाठी आहे? ही योजना १९४८ च्या कायद्याने आली, १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली, आणि तिने कामगारवर्गावर मोठे उपकार केले यात शंका नाही. विमेदार स्वतः आजारी पडला तर त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारभत्ता मिळतो. त्याच्या कुटुंबालाही, अवलंबून असलेल्या आईबापांसकट, डॉक्टर व औषध मिळते. म्हणजे योजना आईला खाट देते, सलाईन देते. पण खाटेशी बसलेल्या मुलाची बुडालेली रोजी तिच्या हिशेबात येत नाही. विमा घराचा नाही, एकट्या देहाचा आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू, कारण राजीनामा देताना घरात जो हिशेब होतो तो अर्धाच असतो. घरातली माणसे आजचा पगार आणि आजच्या दिवसरात्रीच्या आयाबाईचा खर्च समोरासमोर ठेवतात. दोन्ही आकडे जवळजवळ आले की म्हणतात, 'मग बाहेरची बाई कशाला? तूच घरी बस.' ह्या हिशेबात उद्याचे आकडे नसतात.

समजा, एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिन्याला २०,८०० रुपये आहेत. तो ५८ ऐवजी ५४ व्या वर्षी घरी बसला. चार वर्षांचा पगार गेला, तो ९,९८,४०० रुपये. म्हणजे दहा लाखांना जेमतेम कमी. ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने ठरलेल्या रीतीने प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी मिळते आणि महिना २६ दिवसांचा धरतात. त्याचा रोज पडला ८०० रुपये. वर्षामागे १२,०००, चार वर्षांचे ४८,००० गेले. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात. पुढच्या करारातली वाढ त्याला मिळाली असती तर मागच्या सगळ्या वर्षांची रक्कम त्या वाढीने फुगली असती, तेही गेले. पेन्शन घ्या. १९९५ च्या योजनेत पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची मर्यादा धरली, तर सेवेचे प्रत्येक नवे वर्ष दरमहा सुमारे २१४ रुपये पेन्शन वाढवते. चार वर्षे गमावली की महिन्याला सुमारे ८५७ रुपये गेले, आणि तेही जन्मभर. त्यातून ५८ वर्षे पूर्ण होण्याआधीच पेन्शन सुरू करून घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कपात. फंडात दरमहा पडणारी भर थांबली ती निराळीच.

आणखी एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. चोपन्नाव्या वर्षी सुटलेली नोकरी पुन्हा मिळत नाही. आई दोन वर्षांनी जाते. मुलगा छप्पन्न वर्षांचा, हात अजून कसबी, पण कायम जागा कोणी देत नाही. मग ठेकेदाराकडे बारा तासांची रखवाली, ना रजा, ना करार. ज्याने लेथवर तीस वर्षे काढली तो फाटकावर काठी घेऊन उभा राहतो. ह्यात त्या कामगाराचे नुकसान आहे तसे कारखान्याचेही आहे, हे मालकवर्गाने ओळखले पाहिजे. जुना टर्नर गेला की त्याच्याबरोबर तीस वर्षांचा अदमास जातो; तो जाहिरात देऊन मिळत नाही.

स्त्रियांची बाब तर याहून कठीण आहे. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत असे आढळले, की १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची ना कोणाची देखभाल करतात आणि त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे. ह्या देखभालीत मुलांचीही आली, हे लक्षात ठेवावे. परंतु घरात दोन नोकऱ्या असताना कोणती मोडायची असा प्रश्न आला म्हणजे बोट कोणाकडे जाते, हे सांगायला पाहणीची गरज नाही. पुष्कळ बायका मुले मोठी झाल्यावर, चाळिशीनंतर कामाला लागतात. पेन्शनला निदान दहा वर्षांची सेवा लागते. बेचाळीसाव्या वर्षी लागलेली बाई सासूच्या दुखण्यापायी पन्नासाव्या वर्षी सुटली, तर तिच्या हाती आठ वर्षे उरतात. तिला एकरकमी थोडे पैसे मिळतील, पण महिन्याचे पेन्शन नाही. जिने सासूचे म्हातारपण सांभाळले, तिचे स्वतःचे म्हातारपण उघड्यावर पडते.

आतापर्यंत आम्ही हजेरीपट असलेल्यांचे बोललो. आमच्या पालीत आणि शेजारच्या उत्तन-चौकात मोठा समाज असा आहे की ज्याला हजेरीपटच नाही. समुद्रावर जाणारा तांडेल किंवा खलाशी कोणाला राजीनामा देणार? बाप अंथरुणाला खिळला की पन्नाशीचा माणूस दूरच्या पाण्यात अनेक दिवस राहणाऱ्या बोटीवर जाणे सोडतो आणि किनाऱ्याजवळच्या छोट्या होडीवर येतो. पाटी घेऊन पहाटे बाजार गाठणारी त्याची बायको उशिरा निघू लागते, आणि बाजारात उशिरा पोचलेल्या मासळीला भाव नसतो. ह्या दोघांच्या मिळकतीची घट कोठेही लिहिली जात नाही. जून-जुलैत सरकार ६१ दिवस मासेमारी बंद ठेवते, तेव्हा त्या रिकाम्या दिवसांसाठी बचत-साहाय्याची योजना आहे. मासेमार १,५०० रुपये घालतो आणि सरकार ३,०००. समुद्र बंद असण्याचे दिवस सरकारने ओळखले. घर बंद असण्याचे दिवस अजून ओळखलेले नाहीत.

जे पालीहून नोकरीला जातात त्यांना अंतराचा जाच आहे. बसने भाईंदर स्टेशन गाठायचे, तेथून लोकल. घरून फोन आला की 'बाबा पडले', तर अंधेरीहून किंवा लोअर परळहून परतायला किती वेळ लागतो हे तुम्हांस सांगायला नको. आणि भाईंदरातले स्टीलच्या भांड्यांचे व तसलेच लहान कारखाने पाहिले, तर दहा-बारा माणसांच्या जागी भविष्य निर्वाह निधीचा कायदाच लागू होत नाही, कारण त्याला वीस माणसे लागतात. तेथे रजा ही मालकाच्या मर्जीची गोष्ट आहे.

आता काही सज्जन म्हणतात, 'आईबापांची सेवा हा मुलाचा धर्म. त्यात कायदा आणि भत्ता कशाला आणता?' त्यांस आमचे उत्तर असे, की कायदा आम्ही आणलेला नाही, तो आधीच आलेला आहे. फक्त एका बाजूने आला आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह करणे मुलांना बंधनकारक केले आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. आपल्याच महाराष्ट्रात लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला, की जो कर्मचारी आईबापांना सांभाळणार नाही त्याच्या पगारातून ३० टक्के कापून आईबापांच्या खात्यात भरावेत. २०२१ च्या आरंभी काही कर्मचाऱ्यांचे पगार त्याप्रमाणे कापलेही गेले. न सांभाळणाऱ्याचा पगार कापण्यास आमची हरकत नाही. पण सांभाळणाऱ्याचाही पगार कापला जातो, त्याचे काय? सेवेबद्दल मजुरी कोणीच मागत नाही. सेवा केल्याबद्दल शिक्षा होऊ नये, एवढेच मागणे आहे.

हे मागणे जगावेगळे नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९८१ साली १५६ क्रमांकाचा करार केला. घरची जबाबदारी हे कामावरून काढण्याचे सबळ कारण होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. जपानात घरच्या शुश्रूषेपायी वर्षाला सुमारे एक लाख माणसे नोकरी सोडतात. तेथे प्रत्येक आजारी आप्तामागे ९३ दिवसांची रजा तीन तुकड्यांत घेता येते, आणि त्या काळात रोजगार विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के मिळतात. ती रजा शेवटपर्यंत अंथरुणाशी बसण्यासाठी नाही. पुढची व्यवस्था लावून माणसाने कामावर परतावे यासाठी आहे. जर्मनीत अचानक ओढवलेल्या प्रसंगी दहा दिवस आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत रजेचा हक्क आहे. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाला एक आठवडा दिला. तो बिनपगारी आहे, पण हक्काचा आहे.

पैसा कोठून आणावा? ह्या प्रश्नाला महाराष्ट्रातील कामगार चळवळीने पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९६९ चा माथाडी कायदा पाहा. ज्या हमालाला आज ह्या पेढीवर काम आणि उद्या त्या पेढीवर, त्याला रजा कोण देणार, असे तेव्हा विचारले जात असे. कायद्याने मंडळ उभे केले, प्रत्येक मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेतली, आणि त्या गंगाजळीतून हमालाला रजेचा पगार, फंड, ग्रॅच्युइटी मिळू लागली. रोजगार हमी योजनेसाठी ह्याच राज्याने पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. शहरातल्या कारकुनाच्या खिशातून दुष्काळी गावातल्या मजुराची चूल पेटली. ज्या राज्याने हे केले त्याला, मालक, कामगार आणि सरकार मिळून थोडे-थोडे घालतील असा शुश्रूषा निधी उभारता येणार नाही, असे आम्हांस वाटत नाही. मासळीवाली, घरकामाची बाई, लहान कारखान्यातला पोऱ्या, ह्यांच्यापर्यंत पोचायचे तर वाट हीच.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. युनियनने पुढच्या मागणीपत्रात चार कलमे घालावीत : घरच्या गंभीर आजारासाठी वर्षाला दहा दिवसांची वेगळी भरपगारी रजा, सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा, पण जागा राखून, मागितल्यास ठरावीक काळ एकच पाळी, आणि पन्नाशीपुढच्या कामगाराचा राजीनामा युनियनच्या प्रतिनिधीसमोर, आठ दिवसांच्या विचारानंतरच स्वीकारावा. ह्यांतली शेवटची तीन कलमे मालकाला फारशी खर्चाची नाहीत. नगरात दिवसभर वृद्धांना ठेवता येईल अशी देखभाल केंद्रे वॉर्डावॉर्डांत निघाली तर कितीतरी नोकऱ्या वाचतील. महानगरपालिकेकडे ही मागणी नागरिकांनीच न्यावयास हवी.

आणि प्रत्येक घराने काय करावे? रजेचा अर्ज नेहमी लेखी द्यावा, दुखणेकऱ्याच्या वैद्यकीय दाखल्यासह, आणि त्याची पोच घ्यावी. नोटिशीला उत्तर द्यावे. गप्प राहू नये. राजीनाम्याआधी सेवेची वर्षे मोजावीत आणि उद्याचे आकडे आजच्या आकड्यांच्या शेजारी मांडावेत. भावंडांनी एकत्र बसून वाटणी करावी. जो दूर आहे त्याने पैसा द्यावा, जो जवळ आहे त्याने वेळ द्यावा, आणि वेळ देणाऱ्याचे पेन्शन बुडत असेल तर ती तूट सर्वांनी मिळून भरावी. जमिनीची वाटणी आपण हात-बोट मोजून करतो. सेवेच्या वाटणीलाच तेवढा संकोच कशाला?

ज्या पिढीने कारखाने उभे केले, बोटी हाकल्या, ती आज अंथरुणावर आहे. तिच्या पायाशी बसलेली पिढी उद्या त्याच अंथरुणावर जाणार आहे. आजच्या सेवेपायी तिच्या हातची मिळकत गेली, तर उद्या तिच्या मुलांवर दुप्पट भार पडेल. दुखण्याचाही आणि दारिद्र्याचाही. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाची नोकरी वाचवणे ही केवळ त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. पुढच्या मागणीपत्राची बैठक जेथे होईल तेथे ही चार कलमे मांडा, आणि ज्यांच्या घरी आज दुखणेकरी आहे त्यांनाच ती मांडू द्या.